तक्रार: डिस्प्ले

पावतीवर मी एवढंच लिहितो.
नाव: वैदेही जगदाळे. वय कुणी विचारत नाही,
दप्तरावर अकरावीच्या क्लासचं नाव होतं.
तक्रार: डिस्प्ले.
वरची काच सातशे, फोल्डर गेला असेल तर अडीच हजार,
हेही सांगितलं. तिने मान हलवली,
जणू पैसे हा यातला सोपा भाग होता.

पडदा काळाठिक्कर, पण आत जीव होता.
टेबलावरच्या निळ्या रबरी मॅटवर
दर दोन मिनिटांनी तो थरथरायचा
आणि जरा जरा कडेकडे सरकायचा,
उलटा पडलेला भुंगा जसा.
प्रत्येक थरथरीला तिचा अंगठा हलायचा,
रिकाम्या हातातला.

कोपरखैरण्यात, सेक्टर एकोणीसला, माझं दुकान म्हणजे
जिन्याखालची जागा. तिला स्टूल दिलं.
पहिली दहा मिनिटं ती स्टुलावर नव्हतीच.
मग समोरच्या गिरणीतलं उडतं पीठ बघू लागली.
मग मॅग्नेटवरचे माझे स्क्रू मोजले,
एक कमी आहे म्हणाली, आणि खरंच होता.
मग जांभई. मोठी, तोंडावर हात न ठेवता,
लहान मुलं देतात तशी.
झोप झाली नाही का, मी विचारलं.
म्हणाली, काका, तो झोपेपर्यंत कॉल चालू ठेवावा लागतो.
बोलायचं नसतं. नुसता श्वास ऐकू आला पाहिजे.

नवा फोल्डर लावला की तपासावं लागतं,
तपासायचं तर बघावं लागतं.
मी बघत नाही म्हणतो. बघतो.
कुठेस. कोणासोबत. फोटो टाक.
आत्ताचा टाक. तीन बोटं दाखवून टाक.
आणि सगळ्यात वर, न जाणारी एक ओळ:
तुमचं ठिकाण मितेशला दिसत आहे.

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला.
झाला का रिपेअर? आवाज नुकताच फुटलेला.
मी तिच्याकडे पाहिलं.
तिने काही खुणावलं नाही, फक्त स्टुलाची कड धरली.
मी म्हणालो, पार्ट ग्रँट रोडहून यायचाय. उद्या.
अठरा वर्षांच्या धंद्यात
झालेलं काम झालं नाही म्हणून सांगितलं, पहिल्यांदाच.
उलटं तर रोज सांगतो.

फोन बंद करून तिने माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला.
रस्ता ओलांडताना दोन्ही हात
कुठे ठेवायचे ते तिला कळेना.

संध्याकाळी तोच आला. बोनकोड्याचा, भोईरांचा मितेश.
ओठावर कोवळी लव, डोळ्यांखाली काळं.
दोन शब्द सुनवायचे ठरवले होते मी.
त्याने विचारलं, काका, चार्जर आहे का,
आणि मग, तिचा फोन खरंच बंद आहे ना?
म्हणजे, बंद आहे म्हणूनच ना?
भिंतीला टेकून तो चार टक्क्यांचे अकरा होताना बघत राहिला,
कुणाचा तरी ताप मोजावा तसा.

आमच्या वेळी असं नव्हतं, हे तोंडाशी आलं.
पण ऐरोलीत, एका शिवणक्लाससमोर सायकल धरून
मीही उभा राहिलोय, ती कुणाशी हसते ते मोजत.
सहाला क्लास सुटायचा. पुढचं मला दिसायचं नाही.
तेवढ्या न दिसण्यानेच आम्ही दोघं वाचलो असू.

दुसऱ्या दिवशी ती आली. रात्री नऊलाच झोपले, म्हणाली,
आईने कपाळाला हात लावून पाहिला.
पैसे दिले, सुटे, मोजून.
फोन चालू केला. मॅटवर तो पुन्हा सरकू लागला.
थरथर बंद करता येते का, तिने विचारलं.
मी दाखवलं, इथे. आणि ठिकाण दिसणं, ते इथे.
तिने बोट नेलं, अगदी जवळ, काचेला न लावता.
कळलं, म्हणाली.
कुठे असतं ते कळलं.